रोजची स्प्लेंडर, रेसची आर-१५ आणि ब्रेकचा प्रश्न

यामाहा आर-१५ व्ही-४ आणि हीरो स्प्लेंडर प्लस या दोन गाड्या शोरूममध्ये एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. घरात मात्र आहेत. कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्यासाठी गाडी घ्यायचे ठरले की एका बाजूने आर-१५ चे नाव येते आणि दुसऱ्या बाजूने ‘त्यापेक्षा स्प्लेंडर घे, ॲव्हरेज तरी देईल’ हे वाक्य येते. आमच्या घरी हा वाद मिटला नाही आणि दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या. वडिलांची स्प्लेंडर प्लस आधीपासून होती, भाच्याने आर-१५ घेतली. त्यामुळे पुणे आणि परिसरातले वारजे, कर्वे रस्ता, चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि सुटीच्या दिवशी ताम्हिणी घाट अशा एकाच रस्त्यांवर दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवण्याची सोय झाली. माझे मत आधीच सांगून टाकतो. इंजिनाच्या बाबतीत रोजच्या वापराला स्प्लेंडरच्या पुढचे काही लागत नाही. परंतु ब्रेकच्या बाबतीत स्प्लेंडर जिथे थांबली आहे तिथे तिने यापुढे थांबणे योग्य नाही, आणि रेससाठी घडवलेल्या गाडीकडून रोजच्या गाडीने काही उचलायचे असेल तर ते आधी हेच उचलायला हवे.

रेसकडे झुकलेल्या गाड्यांत चाकणला तयार होणारी केटीएम आरसी ३९० ही अधिक टोकाची निवड झाली असती, पण ३७३ सीसीच्या गाडीशी शंभर सीसीच्या गाडीची तुलना करून हाती काही लागत नाही. आर-१५ निदान त्याच पार्किंगमध्ये उभी राहणारी आणि पुष्कळदा तितक्याच पगारावर चालणारी गाडी आहे.

दोघींची कुळे वेगळी आहेत. स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली, पण तिची मुळे १९८५ च्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये आहेत. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात त्याच गाडीची, आणि तीन दशकांनंतरही स्प्लेंडरचे वर्णन करायला तिच्यापेक्षा नेमके शब्द सापडत नाहीत. हीरो आणि होंडा यांनी २०१० च्या अखेरीस वेगळे होण्याचे ठरवले, पुढे टाकीवरचे नाव बदलले, कार्ब्युरेटर जाऊन बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या काळात फ्युएल इंजेक्शन आले; गाडीचा पिंड मात्र तोच राहिला. आर-१५ भारतात २००८ मध्ये आली, तेव्हा दीडशे सीसीच्या गाडीला पाण्याने थंड होणारे इंजिन, चार झडपा आणि सहा गिअर मिळणे ही इथे नवलाची गोष्ट होती. तिची डेल्टाबॉक्स चौकट ही यामाहाने १९८० च्या दशकात आपल्या ५०० सीसीच्या रेसिंग गाड्यांवर वापरलेल्या रचनेची धाकटी आवृत्ती आहे. स्टिअरिंगच्या डोक्यापासून मागच्या स्विंगआर्मच्या सांध्यापर्यंत दोन रुंद पट्ट्या जवळजवळ सरळ जातात आणि गाडी वळणात मुरडत नाही. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत इंजिन १५५ सीसीचे झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली चौथी आवृत्ती सध्या विक्रीस आहे.

आता इंजिनाविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेक वाद इथेच सुरू होतात आणि चुकीच्या आकड्यावर संपतात. स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन ८,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) सुमारे ८ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) शक्ती आणि ६,००० आरपीएमला सुमारे ८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. आर-१५ चे इंजिन १०,००० आरपीएमला १८.४ पीएस आणि ७,५०० आरपीएमला १४.२ न्यूटन-मीटर देते. गंमत अशी की दोन्ही इंजिनांत बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकमेकांच्या जवळजवळ बरोबरीचे आहेत. स्प्लेंडरमध्ये ५० बाय ४९.५ मिलिमीटर, आर-१५ मध्ये ५८ बाय ५८.७ मिलिमीटर. म्हणजे एकीचा स्ट्रोक लांब आणि दुसरीचा आखूड, असे नेहमीचे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. फरक पडतो तो इंजिन किती वेगाने फिरू शकते आणि त्या वेगाला त्याला पुरेसा श्वास घेता येतो का, यामुळे. आपापल्या कमाल शक्तीच्या बिंदूवर स्प्लेंडरचा पिस्टन सरासरी सेकंदाला १३ मीटरने धावतो, तर आर-१५ चा जवळजवळ २० मीटरने. हा वेग सोसण्यासाठी आर-१५ ला फोर्ज केलेला पिस्टन, ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा सिलिंडर, पाण्याचे शीतन आणि चार झडपा द्याव्या लागल्या आहेत. स्प्लेंडरला यातले काही नको, कारण तिला तिथवर जायचेच नाही.

आर-१५ चे व्हीव्हीए तंत्र, म्हणजे झडपांची उघडझाप बदलण्याची सोय, हा या गाडीचा सगळ्यात हुशार भाग आहे. इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा उघडण्यासाठी कॅमचे दोन आकार दिलेले आहेत. शहरी वेगाला सौम्य आकार काम करतो आणि ७,४०० आरपीएमच्या आसपास एक सोलेनॉइड खिळ सरकवून दुसरा, झडप जास्त उघडणारा आकार कामाला लावतो. हे घडते तेव्हा मीटरवर व्हीव्हीए ही अक्षरे उमटतात, एक्झॉस्टचा स्वर भरडा होतो आणि गाडी एक पाऊल पुढे टाकल्यासारखी ओढ घेते. तिसऱ्या गिअरमध्ये पिरंगुटचा चढ चढताना हा बदल हँडलच्या मुठीत स्पष्ट जाणवतो. पण चांदणी चौकापासून शहराच्या आत यायला निघालात की तासन्‌तास एकदाही इंजिन तिथवर जाण्याचा प्रसंग येत नाही. ज्या गुणासाठी गाडीची जास्तीची किंमत मोजली, तो गुण कर्वे रस्त्यावर जवळजवळ संपूर्ण वेळ झोपलेला असतो.

स्प्लेंडरचे उलटे आहे. तिच्याकडे आहे तेवढे सगळे खालच्या वेगालाच हातात मिळते. चौथ्या गिअरमध्ये गाडी तीस-पस्तीसच्या वेगाने चालली असताना समोरची रिक्षा थांबली, ती पुन्हा निघाली आणि आपण फक्त ॲक्सिलरेटर पिळला, तर स्प्लेंडर कुरकुर न करता निघते. आर-१५ सहाव्या गिअरमध्ये त्याच वेगाला चालते हे खरे, आणि पहिल्या दोन आवृत्त्यांच्या तुलनेत ती खालच्या वेगाला पुष्कळच माणसाळली आहे, परंतु तिला पुढे काढायचे तर दोन गिअर उतरवावेच लागतात. गिअरची दिशासुद्धा दोघींची निराळी आहे. स्प्लेंडरला चारही गिअर पंजा पुढे दाबत टाकायचे आणि टाचेने उतरवायचे. आर-१५ ला पहिला खाली आणि उरलेले पाच वर. एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवणाऱ्याने पहिल्या सिग्नलला सावध राहावे, कारण सवयीने दाबलेला पाय स्प्लेंडरमध्ये गिअर वाढवतो आणि आर-१५ मध्ये तो उतरवतो. आर-१५ मध्ये असिस्ट-स्लिपर क्लच असल्यामुळे चुकून एकदम खालचा गिअर पडला तरी मागचे चाक उड्या मारत नाही, आणि लिव्हरही इतका हलका आहे की रहदारीत डावा हात दुखत नाही. या एका बाबतीत रेसची गाडी रोजच्या गाडीपेक्षा रोजच्या कामाला बरी निघाली, हे मला अपेक्षित नव्हते.

बसण्याच्या पद्धतीविषयी मात्र अशी सवलत देता येत नाही. आर-१५ चे क्लिप-ऑन हँडल खाली आहे, फूटरेस्ट मागे आणि उंच आहेत आणि शरीर पुढे कलते. ही बैठक वाईट नाही. ती ऐंशीच्या वेगासाठी आहे. त्या वेगाला समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार आपोआप हलका होतो. वीसच्या वेगाला वारा नसतो, म्हणून खांद्यांसह सगळा भार दोन मनगटांवर येतो, आणि म्हात्रे पुलाच्या गर्दीत वीस मिनिटे काढल्यावर तळहाताच्या अंगठ्याकडच्या भागाला रग लागते. हँडल फारसे वळत नसल्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्लेंडर जिथे एका दमात फिरते तिथे आर-१५ मागे-पुढे करून काढावी लागते. दुपारच्या उन्हात रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा नडगीवर येते. सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे, स्प्लेंडरची ७८५. साडेपाच फुटांच्या माणसाला दोन्हीवर पाय टेकतात, पण स्प्लेंडरचे वजन ११२ किलो आणि आर-१५ चे एकशेचाळीसच्या थोडे वर, त्यामुळे उतारावर गाडी मागे ढकलताना हा फरक आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

मागे बसणाऱ्याचा विचार आर-१५ बनवणाऱ्यांनी नाइलाजाने केलेला दिसतो. मागची सीट उंच, अरुंद आणि वेगळी आहे. नऊवारी सोडाच, पाचवारी नेसून एका बाजूला पाय टाकून तिच्यावर बसणे अशक्य आहे, आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले तरी प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो. कायद्याने सक्तीचे म्हणून दिलेले साडी गार्ड मुले पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात, ही आणखी एक गोष्ट. स्प्लेंडरची लांब, सपाट सीट, मागचा कॅरिअर आणि पकडायला मिळणारी दांडी यांच्या बळावर आई मंडईतून दोन पिशव्या घेऊन निश्चिंत बसून येते. घरात एकच गाडी राहणार असेल आणि तिच्यावर मागे कोणी बसणार असेल, तर तुलना इथेच थांबवली तरी चालेल.

ताम्हिणीत मात्र चित्र बदलते. मुळशी धरणाच्या कडेने रस्ता वळणे घेऊ लागला की आर-१५ कशासाठी बनवली आहे ते कळते. गाडी वळणात टाकण्यासाठी हँडल ओढावे लागत नाही. आतल्या बाजूची मूठ किंचित पुढे दाबली की ती झुकते, आणि जेवढी झुकवली तेवढ्यावर ठाम राहते. मागचा १४० मिलिमीटर रुंदीचा रेडियल टायर, उलटे बसवलेले ३७ मिलिमीटरचे पुढचे फोर्क आणि ती चौकट यांचे हे एकत्रित काम आहे. वळणाच्या मध्येच एखादा खड्डा दिसला आणि मार्ग बदलावा लागला तरी गाडी गोंधळत नाही. स्प्लेंडरचे १८ इंची चाक अरुंद आहे आणि शॉक ॲब्सॉर्बर आरामाकडे झुकलेले आहेत, त्यामुळे तीच वळणे घेताना वेग आपसूकच कमी ठेवावासा वाटतो. तो कमी ठेवला तर स्प्लेंडरही त्या घाटात अत्यंत सुखाने चालते, हेही नोंदवले पाहिजे. माणगावकडे उतरणारे दूधवाले आणि शेतकरी डबल सीट, मागे गोणी बांधून याच गाडीवर रोज जातात आणि सुटीला आलेल्या शहरी रेसरांना वाट देतात. खडबडीत पट्ट्यांवर तर स्प्लेंडर जास्त समंजस आहे. आर-१५ चे सस्पेन्शन कडक असल्यामुळे तुटलेल्या डांबराचा प्रत्येक काठ पाठीच्या कण्याला कळवते.

आता ब्रेक. ताम्हिणीत जून सुरू झाला की डोंगरातून येणारे पाणी रस्त्यावरून आडवे वाहते आणि सोबत लाल चिखल व पाने आणते. अशा ठिकाणी वळण संपताच समोर कोणीतरी फोटोसाठी गाडी आडवी लावलेली असते. आर-१५ ला पुढे २८२ आणि मागे २२० मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे. लिव्हर जोरात दाबला की बोटांखाली बारीक धडधड जाणवते. चाकाच्या सेन्सरने चाक अडकत असल्याचे ओळखून दाब सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला, असे सेकंदाच्या अंशात चालू असते आणि चाक फिरत राहिल्यामुळे गाडी सरळ राहते. चालवणाऱ्याचे कौशल्य त्या क्षणी बेताचे असले तरी गाडी त्याला सांभाळून घेते. स्प्लेंडर प्लसला दोन्हीकडे १३० मिलिमीटरचे ड्रम आहेत. पाय दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागेल अशी जोडणी आहे, आणि कोरड्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगाला ती पुरते. पण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर जाते, मागचे चाक हलके होते आणि घाबरून पाय पूर्ण दाबला गेला तर ओल्या रस्त्यावर कोणत्याही एबीएसविरहित गाडीचे मागचे चाक अडकून बाजूला सरकते. लांब उतारावर ड्रम तापले की पकड कमी होत जाते, हा भाग निराळाच. म्हणून घाट उतरताना स्प्लेंडर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाचा ब्रेक वापरावा, हे जुन्या चालकांचे सांगणे अजूनही शंभर टक्के खरे आहे.

इथे नियमांचाही हात आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी साधी यंत्रणा पुरेशी मानली गेली. परिणाम असा झाला की ज्या गाड्या देशात सर्वाधिक संख्येने विकल्या जातात, ज्यांच्यावर दोन माणसे आणि सामान रोज असते, त्याच गाड्या चांगल्या ब्रेकपासून वंचित राहिल्या, आणि ज्यांचा मालक बहुधा एकटा, तरुण आणि हेल्मेट-जाकीट घातलेला असतो त्या गाड्यांना ते मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने लहान दुचाकींनाही एबीएस सक्तीचे करण्याचा मसुदा काढला, त्यामागचे कारण हेच आहे. यावर उत्पादकांचा युक्तिवाद किमतीचा असतो आणि तो अगदी पोकळ नाही. एबीएसला दाब कमी-जास्त करण्यासाठी तेलावर चालणारा ब्रेक लागतो. केबल आणि रॉडने ओढल्या जाणाऱ्या ड्रमवर ते बसवता येत नाही. म्हणजे स्प्लेंडरला एबीएस द्यायचे तर आधी पुढे डिस्क, मास्टर सिलिंडर, कॅलिपर, नवीन फोर्क आणि हब हे सगळे द्यावे लागते. तरीही पाऊण लाखाच्या आसपास पोहोचलेल्या गाडीत ब्लूटूथचा मीटर बसवता येतो, तर पुढच्या चाकाला डिस्क बसवणे परवडत नाही, हे मला पटत नाही. स्प्लेंडरच्याच ‘एक्सटेक’ नावाच्या वरच्या आवृत्तीच्या एका प्रकारात पुढची डिस्क मिळते. नवीन स्प्लेंडर घेणाऱ्याने रंग, ग्राफिक्स आणि मोबाइल चार्जिंगच्या आधी ती आहे का ते विचारावे आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

वेगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्प्लेंडर नव्वदीच्या जवळ जाऊन थांबते आणि सत्तरच्या वर फूटरेस्टमध्ये मुंग्या येऊ लागतात. आर-१५ शंभरी सहज ओलांडून तीसेक आकडे आणखी पुढे जाते. चारपदरी महामार्गावर मोटारसायकलला कायद्याने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे आर-१५ च्या शेवटच्या तीन गिअरांचा कायदेशीर उपयोग मर्यादित आहे. पण ऐंशीच्या वेगाला तिचे इंजिन शांत असते, ट्रकला ओलांडण्यापुरती शक्ती शिल्लक असते आणि वाऱ्याच्या झोताने ती हलत नाही. साताऱ्याला जाऊन यायचे असेल तर मी मनगटाची तक्रार विसरून आर-१५ ची किल्ली मागेन.

खर्चाचा हिशेब लोकांना वाटतो तितका एकतर्फी नाही. रोज चाळीस किलोमीटर आणि वर्षाला सुमारे तीनशे दिवस धरले तर बारा हजार किलोमीटर होतात. शहर-घाट मिळून स्प्लेंडर ६५ आणि आर-१५ ४५ च्या आसपास ॲव्हरेज देते असे धरले, तर एकीला १८५ लिटर आणि दुसरीला २६७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभराच्या थोडे वर असा दर धरला तर वर्षाकाठी फरक आठ-साडेआठ हजारांचा पडतो. दीडशे सीसीच्या वरच्या आणि रेससाठी घडवलेल्या इंजिनाने एवढे कमी पेट्रोल प्यावे हे कौतुकाचे आहे, कारण चार झडपा आणि ११.६ चे कॉम्प्रेशन शक्तीसाठी जितके उपयोगी पडतात तितकेच हळू चालवल्यावर काटकसरीसाठीही पडतात. खरा फरक गाडीच्या किमतीत आहे. आर-१५ दुपटीच्या आसपास पैसे मागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पण तो दोघींनाही सारखाच मिळाल्यामुळे हे गुणोत्तर बदलले नाही. विम्यात एक बारीक मेख आहे. २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गटाला थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या गटाला १,३६६ रुपये; नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम घ्यायचा तर ३,८५१ आणि ७,३६५ रुपये. जुनी आर-१५ १४९.८ सीसीची होती म्हणून खालच्या गटात बसत असे. तिसऱ्या आवृत्तीपासून जे पाच सीसी वाढले त्यांनी तिला वरच्या गटात नेऊन बसवले.

देखभालीत स्प्लेंडरचा हात कोणी धरू शकत नाही. तिची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे पावसाळाभर चिखलातून गेली तरी तिच्याकडे अधूनमधून पाहिले तरी चालते. आर-१५ ची चेन उघडी आहे. पाचेकशे किलोमीटरनंतर आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती पुसून तेल दिले नाही तर तिचा रंग तांबूस होऊ लागतो आणि स्प्रॉकेटचे दात झिजतात. मागचा मडगार्ड नावापुरता असल्याने पावसात चिखलाची रेघ पाठीवरच्या सॅकवर येते. फेअरिंग, म्हणजे गाडीभोवतीचे प्लास्टिकचे कवच, हा तर वेगळाच खर्च आहे. स्प्लेंडर स्टँडवरून कलंडली तर लेग गार्ड वाकतो आणि कोणताही मेकॅनिक तो दहा मिनिटांत सरळ करतो. आर-१५ उभ्या-उभ्या पडली तरी प्लास्टिकचा एक पत्रा, इंडिकेटर आणि बहुधा लिव्हर जातो, आणि पत्रा रंगासकट नवीनच घ्यावा लागतो. मात्र ‘स्प्लेंडर कुठेही दुरुस्त होते’ हे वाक्य आता पूर्वीइतके सरसकट खरे नाही. फ्युएल इंजेक्शन आल्यापासून पौडच्या टपरीवजा गॅरेजमध्ये स्क्रू पिळून ॲव्हरेज वाढवून देण्याचे दिवस गेले. सेन्सरचा दिवा लागला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जावे लागते. पार्ट मात्र तिचे अजूनही तालुक्याच्या प्रत्येक दुकानात मिळतात आणि स्वस्त मिळतात, शिवाय किक आहे.

आर-१५ ला न्याय द्यायचा तर तिला तिच्या मूळ जागी पाहावे लागेल. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट या ठिकाणी ही गाडी शिकाऊ रेसरांच्या हाती नेहमी दिसते. यामाहाने काही वर्षे फक्त याच गाडीची स्पर्धाही भरवली होती. कारण सोपे आहे. शक्ती बेताची असल्यामुळे नवशिक्याची चूक महागात पडत नाही आणि चौकट व ब्रेक मोठ्या गाडीच्या तोडीचे असल्यामुळे वळणाचा मार्ग, ब्रेकचा बिंदू, शरीराची जागा या गोष्टी खऱ्या अर्थाने शिकता येतात. ज्याला ट्रॅकवर जायचे आहे त्याने दुसरा विचार करू नये. ज्याला फक्त ट्रॅकवर गेल्यासारखे दिसायचे आहे, त्याने यामाहाचेच सरळ बैठकीचे, जवळजवळ त्याच इंजिनाचे एमटी-१५ एकदा चालवून पाहावे. मनगटे आभार मानतील.

माझ्या हिशेबाने रोज तीस किलोमीटरच्या आत जाणे-येणे, मागे घरातले कोणी आणि कधीमधी सामान, असा वापर असेल तर डिस्क असलेली स्प्लेंडर घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून आधी दोन चांगली हेल्मेट आणि एक दमदार रेनकोट घ्यावा. एकट्याचा प्रवास, आठवड्याला एखादा घाट आणि चेनला तेल द्यायचा उत्साह असेल तर आर-१५ चे पैसे वाया जात नाहीत, आणि ते पैसे शक्तीपेक्षा ब्रेक, टायर आणि एबीएससाठी दिले असे समजावे.

वापरलेली आर-१५ घेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण कॉलेज संपले की त्या पुष्कळ विक्रीला येतात. अशी गाडी पाहताना चकचकीत फेअरिंगकडे पाहू नये. हँडलच्या टोकांचे वजन, फूटरेस्टच्या कडा आणि लिव्हरची टोके घासलेली आहेत का ते पाहावे, रेडिएटरच्या जाळीत दगड लागून पट्ट्या दबल्या आहेत का ते टॉर्चने पाहावे, फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का ते बोट फिरवून पाहावे आणि फेअरिंगचे सगळे बोल्ट एकाच जातीचे आहेत ना ते मोजावे. दोन-चार वेगळे निघाले तर गाडी उघडली गेली आहे हे नक्की. वापरलेल्या स्प्लेंडरला एवढी तपासणी लागत नाही. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी निळा धूर येतो का पाहावे, चेन कव्हरची रबरी टोपी काढून चेन किती सैल आहे ते बोटाने दाबून पाहावे आणि ब्रेकच्या ड्रमवरचा झिजेचा काटा कुठे आला आहे ते पाहावे. काटा शेवटच्या खुणेला टेकला असेल तर गाडी घरी आणण्याआधी त्याच गॅरेजमध्ये नवीन लायनर बसवून घ्यावेत.